काळा घोडा बघायला येताय? आधी उतरायचं कुठं ते ठरवा

मी चित्रकलेचा शिक्षक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका छोट्या गावी शिकवतो आणि जमेल त्या वर्षी मुलांना घेऊन दक्षिण मुंबईतल्या काळा घोडा भागात येतो: छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, समोरचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि शेजारची जहांगीर आर्ट गॅलरी दाखवायला. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिलेली मुलं, त्यांचे आईवडील, जे. जे. कला महाविद्यालयात प्रवेश घ्यायला निघालेली माजी विद्यार्थिनी, असे कितीतरी जण फोन करतात. काय बघायचं हे क्वचितच कुणी विचारतं. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, उतरायचं कुठं?"

आपल्याकडे हॉटेल म्हटलं की चहा-मिसळीचं दुकान डोळ्यापुढे येतं. मुक्कामाच्या जागेला आपण लॉज म्हणतो. दक्षिण मुंबईत हॉटेल, लॉज, गेस्ट हाउस, डॉर्मिटरी असे सगळे प्रकार एकाच गल्लीत सापडतात आणि नवख्या माणसाचा गोंधळ उडतो. म्हणून माझी पद्धत सविस्तर लिहून ठेवतो.

तिच्या मुळाशी एक साधी अट आहे. दुपारी दमल्यावर चालत खोलीवर परत येता आलं पाहिजे. संग्रहालय बघणं हे अंगमेहनतीचं काम आहे. सलग तीन तास दगडी फरशीवर उभं राहून, मान वर करून, काचेतलं बारीक काम न्याहाळून पाय आणि डोळे दोन्ही थकतात, आणि त्यानंतर समोर कितीही मोठी कलाकृती आली तरी मनात काही उतरत नाही. तासभर पाठ टेकून परत गेलं की तीच मूर्ती वेगळी दिसते. मुलांच्या बाबतीत हे मी दर वेळी पाहिलंय. सकाळची रेखाटनं आणि विश्रांतीनंतरची रेखाटनं शेजारी ठेवली तर फरक आंधळ्यालाही कळावा. म्हणून माझ्या लेखी खोलीचा दर्जा दुसरा, अंतर पहिलं.

पहिली पायरी: किती बघायचंय ते ठरवा, मुक्कामाच्या रात्री त्यावरून मोजा

वस्तुसंग्रहालय एका दिवसात "होतं", पण बघून होत नाही. १९०५ साली पायाभरणी झाली, इमारत १९१४ पर्यंत उभी राहिली, पहिल्या महायुद्धात तिथं लष्करी इस्पितळ होतं आणि १० जानेवारी १९२२ रोजी ते लोकांसाठी खुलं झालं. वास्तुविशारद जॉर्ज विटेट. घुमटाची प्रेरणा विजापूरच्या गोल घुमटाची, आणि आत नाशिकच्या एका जुन्या वाड्यातली लाकडी कमानदार रचना आणून बसवलेली आहे. सांगण्याचा मुद्दा हा की इमारत बघायलाच तास जातो. मग शिल्पदालन, सिंधू संस्कृतीच्या वस्तू, मीरपूर खासच्या मातीच्या बौद्ध मूर्ती, लघुचित्रं, असीरियन राजवाड्यातले दगडी उठाव, टाटा बंधूंच्या संग्रहातली युरोपीय चित्रं, चिनी-जपानी वस्तू. माझं गणित असं: संग्रहालयाला दोन सत्रं, आधुनिक कला संग्रहालयाला अर्धा दिवस, जहांगीरला दीड तास आणि सवड असेल तर बेटावरच्या घारापुरीच्या लेण्यांना एक अख्खा दिवस. म्हणजे किमान दोन रात्री. घारापुरी धरली तर तीन.

एका दिवसात जाऊन-येऊन करायचं असेल तर खोली घेऊच नका. पुण्याहून डेक्कन क्वीनने येऊन त्याच गाडीने परत जाणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी पुढचं काही उपयोगाचं नाही.

दुसरी पायरी: वार बघा

ही पायरी लोक विसरतात आणि मग दारातून परत जातात. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद. घारापुरीची लेणीही सोमवारी बंद. वस्तुसंग्रहालय मात्र सोमवारीही उघडं असतं, सकाळी सव्वादहाला दार उघडतं. जहांगीरही रोज अकराला उघडतं, आणि तिथली बहुतेक प्रदर्शनं मंगळवारी सुरू होऊन पुढच्या सोमवारी संपतात. तेव्हा सोमवार-मंगळवार राहिलात तर एकाच मुक्कामात दोन वेगळी प्रदर्शनं हाती लागतात. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही यादीत असेल तर ते बुधवारी बंद, हे लक्षात ठेवा.

मला स्वतःला रविवारी दुपारी पोचून मंगळवारी रात्री निघणं सोयीचं वाटतं. सोमवारी सकाळी वस्तुसंग्रहालयात शनिवार-रविवारची गर्दी नसते, मुलांना मूर्तीसमोर जमिनीवर बसून रेखाटता येतं. मंगळवारी समोरचं आधुनिक कला संग्रहालय आणि जहांगीरमधलं नवं प्रदर्शन.

आता महिना. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून धावायला सुरुवात होते, पहाटेपासून रस्ते बंद असतात आणि आसपासच्या खोल्या आधीच भरलेल्या असतात. काळा घोडा कला महोत्सव १९९९ पासून भरतो, साधारण जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात. महोत्सव जरूर बघावा, पण संग्रहालय शांतपणे बघायचं असेल तर ते नऊ दिवस टाळा. त्या दिवसांत रस्त्यावर माणूस माणसाला घासतो आणि खोल्यांचे दर चढतात. नाताळ ते नववर्ष हा काळ कुलाब्यात सर्वांत महाग. पावसाळ्यात खोल्या स्वस्त मिळतात, गर्दीही नसते. आत बसून चित्रं बघायला पावसाळा मला आवडतो. फक्त तेव्हा राहण्याची जागा आणखी जवळ असू द्या, आणि समुद्र खवळला की घारापुरीच्या लाँच बंद राहतात हे धरून चाला.

तिसरी पायरी: नावाच्या घोटाळ्यातून सुटका

हे नीट वाचा, यात पैसे आणि दिवस दोन्ही जातात. मुंबईत रेल्वेचं टर्मिनस, विमानतळ आणि संग्रहालय, तिन्ही छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाचे आहेत. मोबाइलवर "छत्रपती शिवाजी महाराज जवळ हॉटेल" असं शोधलं की अंधेरी-सहार भागातली विमानतळाजवळची हॉटेलं भराभर वर येतात. तिथून संग्रहालय सुमारे २५ किलोमीटर. माझ्या चुलत बहिणीने असंच आरक्षण केलं होतं. नावात महाराज, फोटोत चकचकीत खोली, दर परवडणारा. टॅक्सी थांबली तेव्हा डोक्यावरून विमान जात होतं. पैसे परत मिळाले नाहीत, आणि दोन दिवसांतले पाच तास रस्त्यावर गेले.

म्हणून शोधताना संग्रहालयाचं नाव घालूच नका. "काळा घोडा", "रीगल सिनेमा", "कुलाबा कॉजवे", "फोर्ट", "चर्चगेट" ही नावं घाला. सापडलेल्या प्रत्येक जागेचं नकाशावर रीगल सिनेमापर्यंतचं पायी अंतर मोजा. रीगल संग्रहालयाच्या चौकातच आहे. टॅक्सीवाल्यालाही पूर्ण नाव सांगण्यापेक्षा "म्युझियम, रीगलजवळ" एवढं सांगा, तो बरोबर नेतो. नुसतं "म्युझियम" म्हणालात तर एखादा भायखळ्याला विचारील. आणि हो, शहराच्या या भागात रिक्षा चालत नाहीत. वांद्रे-शीवच्या दक्षिणेला फक्त टॅक्सी, बेस्टची बस, लोकल, मेट्रो आणि आपले पाय.

जाहिरातीत "म्युझियमपासून जवळ" लिहिलेलं असतं त्यावर विश्वास ठेवू नका. जवळ म्हणजे किती, हे मिनिटांत मोजून घ्या. पंधरा मिनिटं पायी, ही माझी मर्यादा. म्हातारी माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर दहा.

चौथी पायरी: भाग निवडा

इथं थोडा वेळ थांबतो, कारण खरी निवड इथंच होते.

रीगल आणि ताजच्या मागच्या गल्ल्या, म्हणजे उत्तर कुलाबा. संग्रहालयापासून पाच ते बारा मिनिटं. गेटवे ऑफ इंडिया हाताशी, घारापुरीची लाँच तिथूनच. १९०३ साली उघडलेलं ताजमहाल हॉटेल इथं, आणि त्याच्या मागच्या बाजूला, दोनचारशे पावलांवर, साल्व्हेशन आर्मीचं रेड शील्ड गेस्ट हाउस, जिथं डॉर्मिटरीत पाठीवर पिशवी घेतलेली देशोदेशींची पोरं उतरतात. मुंबईतल्या सर्वांत महाग आणि सर्वांत साध्या मुक्कामात एवढंच अंतर. अधल्यामधल्या दराची जुनी हॉटेलं आणि गेस्ट हाउसं मंडलिक रोड, गार्डन रोड, आर्थर बंदर रोड अशा गल्ल्यांत विखुरलेली आहेत. रात्री उशिरापर्यंत रस्ते जागे असतात, त्यामुळे एकट्या मुलीला किंवा बाईला परत येताना एकाकी वाटत नाही. उणी बाजू आवाजाची. कॉजवेच्या तोंडावरची खोली मिळाली तर रात्री बारापर्यंत हॉर्न ऐकावे लागतात. गल्लीच्या आतली आणि मागच्या बाजूची खोली मागा. ससून डॉकच्या दिशेने जितकं खाली जाल तितकं संग्रहालय लांब पडतं. इलेक्ट्रिक हाउसच्या पुढे मी खोली घेत नाही.

फोर्ट. हुतात्मा चौकापासून टर्मिनसपर्यंतचा पट्टा. संग्रहालय दहा ते पंचवीस मिनिटांवर, तुम्ही कुठल्या टोकाला आहात त्यावर. दर कुलाब्यापेक्षा बरेचदा उतरते. टर्मिनसहून हुतात्मा चौकाकडे येताना दादाभाई नौरोजी रस्त्यावर इमारतींखालून छत असलेली फूटपाथ आहे. उन्हात आणि पावसात तिचं मोल कळतं, आणि कमानी बघत चालणं हाही चित्रकलेचा एक तासच आहे. खाण्याची चंगळ: टर्मिनससमोर आरामचा वडापाव आणि पीयूष, आत गल्लीत पंचमची पुरीभाजी, मासे हवे असतील तर महेश लंच होम. पण फोर्ट ही कचेऱ्यांची वस्ती. संध्याकाळी सातनंतर आणि रविवारी दिवसभर कित्येक गल्ल्या ओस पडतात. पुरुषमाणसांच्या गटाला काही वाटत नाही. एकट्या विद्यार्थिनीला मी फोर्टच्या आतल्या गल्लीपेक्षा मोठ्या रस्त्यावरची जागा घ्यायला सांगतो.

बॅलार्ड इस्टेट फोर्टलाच लागून आहे. तिथल्या इमारतींमागेही विटेटचाच हात. शांत, रुंद, झाडांचे रस्ते. व्यापारी कामासाठी येणाऱ्यांची हॉटेलं असल्यामुळे शनिवार-रविवारचा वेगळा दर आहे का, हे जरूर विचारा. ब्रिटानियाचा बेरी पुलाव इथलाच, पण ते दुपारचं काम.

चर्चगेट आणि मरीन ड्राइव्ह. चालायला पंधरा ते वीस मिनिटं, पण ते चालणं इतकं सुंदर की मी ते अंतर मानत नाही. ओव्हल मैदानाच्या एका अंगाला राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालयाच्या गॉथिक इमारती, दुसऱ्या अंगाला आर्ट डेकोच्या. २०१८ साली युनेस्कोने या दोन्हींना मिळून जागतिक वारसा म्हटलं. ज्यांना वास्तुकलेत रस आहे त्यांनी इथंच राहावं. मैदान रात्री बंद होतं, तेव्हा अंधार पडल्यावर कडेच्या रस्त्यानेच या. मादाम कामा रस्त्यावरचं वाय. डब्ल्यू. सी. ए.चं गेस्ट हाउस याच बाजूला, संग्रहालयापासून दहाएक मिनिटांवर. नाव बायकांच्या संस्थेचं असलं तरी कुटुंबंही तिथं उतरतात. मुलींना एकटं पाठवणाऱ्या पालकांना मी आधी तिथं फोन करायला सांगतो, आणि बराच आधी करायला सांगतो, कारण खोल्या लवकर भरतात.

आता दूरचा पर्याय. २०२५ च्या ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रो, म्हणजे तिसरी मार्गिका, आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण चालू झाली. त्यामुळे माझा जुना नियम थोडा सैल झालाय. हुतात्मा चौक स्थानकावर उतरलं की संग्रहालय दहा मिनिटांच्या चालीवर. गिरगाव स्थानकापासून काळबादेवी, टर्मिनस आणि मग हुतात्मा चौक. गिरगावातल्या साध्या लॉजवर उतरणाऱ्या आपल्या माणसांना हे फार सोयीचं झालंय. दादरही त्याच मार्गिकेवर आहे, गाडी बदलावी लागत नाही. ज्यांचे नातेवाईक दादरला आहेत, किंवा ज्यांना तिथल्या प्रकाश, आस्वाद या उपाहारगृहांतल्या थालीपिठाशिवाय चैन पडत नाही, त्यांनी खुशाल तिथं राहावं. पण दुपारची विश्रांती तेवढी जाते, आणि माझ्या दृष्टीने तेच सर्वांत मोठं नुकसान आहे. ती भरून काढायला जहांगीरच्या पायऱ्यांवर बसा, आणि जवळची डेव्हिड ससून ग्रंथालयाची इमारतही बघून घ्या. १८७० ची वास्तू आहे.

पाचवी पायरी: गाडी कधी पोचते ते बघून खोली घ्या

कोल्हापूरची महालक्ष्मी, नागपूरकडची विदर्भ, मराठवाड्यातून येणारी देवगिरी, गोव्याहून कोकणकन्या: आपल्या बहुतेक रात्रीच्या गाड्या सकाळी लवकर मुंबईत पोचतात. हॉटेलांची खोली मिळण्याची वेळ दुपारी बारा किंवा दोन. मधले पाच-सहा तास सामान घेऊन करायचं काय? पहिल्यांदा येणाऱ्याला हे आधी सुचत नाही. मलाही पहिल्या वेळी सुचलं नव्हतं, आणि सोळा मुलांच्या पिशव्या घेऊन आम्ही फूटपाथवर बसून होतो.

तीन मार्ग आहेत. हॉटेलला आधी फोन करून विचारा, सकाळी सातला सामान ठेवून घ्याल का आणि तोंड धुवायला जागा द्याल का. चांगली जागा नाही म्हणत नाही. काही जुनी लॉज चोवीस तासांच्या हिशोबाने खोली देतात, सकाळी सातला घेतली तर दुसऱ्या दिवशी सातपर्यंत. असं कुठं मिळालं तर रात्रीच्या गाडीने येणाऱ्याला ते फार सोयीचं. तिसरा मार्ग रेल्वेच्या क्लोकरूमचा. तिथं बॅगेला कुलूप लागतं आणि गाडीचं तिकीट दाखवावं लागतं, तेव्हा छोटी कुलपं घरून घेऊन या. मोठी सुटकेस ओढत संग्रहालयाच्या दारात जाऊ नका.

सहावी पायरी: फोटो वाचायला शिका, मग फोन करा

चित्रकलेचा विद्यार्थी असाल तर फोटोतली युक्ती तुम्हाला पटकन कळेल. कोपऱ्यात उभं राहून रुंद भिंगाने काढलेल्या फोटोत पलंगाचा पुढचा कडा फुगलेला दिसतो, भिंती मागे पळतात. खोली आहे त्याच्या दीडपट भासते. म्हणून फोटो सोडा, चौरस फूट विचारा. १०० चौरस फूट म्हणजे दहा बाय दहा. त्यात पाच बाय साडेसहाचा पलंग टाकला की तिसरा भाग गेला, बाथरूम आतलं असेल तर आणखी. दोन माणसं आणि दोन बॅगा कशाबशा मावतात. तिसऱ्यासाठी जादा गादी टाकली तर दार उघडत नाही.

फोटोत खिडकी दिसतेय का? पडदा दिसतो म्हणजे खिडकी आहे असं नव्हे. कुलाबा-फोर्टातल्या जुन्या इमारतींत एका मजल्याचे तुकडे करून गेस्ट हाउसं काढलेली आहेत, आणि मधल्या खोल्यांना खिडकीच नसते. आम्ही एकदा अशा खोलीत राहिलो. पहाट झाली की दुपार, काही कळत नव्हतं. मुलं दहापर्यंत झोपून राहिली. प्लायवुडच्या पलीकडचा खोकला रात्रभर ऐकू येत होता. तेव्हापासून खिडकीचा प्रश्न मी पहिला विचारतो.

फोनवर मी विचारतो ते असं. खिडकी बाहेर उघडते का, की पॅसेजमध्ये? लिफ्ट आहे का, आणि ती रात्री चालू असते का? (जुन्या इमारतींत जाळीच्या दाराच्या लिफ्ट असतात, आणि चौथा मजला म्हणजे इथं उंच छतांमुळे आपला सहावा.) बाथरूम आतलं की सामाईक? गरम पाणी दिवसभर की ठरावीक वेळी? रात्री दार किती वाजता बंद होतं? सांगितलेल्या दरात कर आणि नाश्ता धरलाय का? ओळखपत्र मूळ लागेल की मोबाइलवरचं चालेल? मुंबईचा पत्ता असलेलं आधार चालतं का, हेही विचारा, काही ठिकाणी स्थानिक पत्त्याला खोली देत नाहीत. लग्न न झालेल्या जोडप्यांनी, आणि मुलगा-मुलगी मित्र म्हणून एकत्र येत असतील त्यांनीही, हे आधीच बोलून घ्यावं. रात्री दहाला काउंटरवर उभं राहून वाद घालण्याची वेळ कुणावर येऊ नये.

परदेशी पारपत्र असलेले नातेवाईक बरोबर असतील, अमेरिकेत वाढलेली नातवंडं वगैरे, तर आणखी एक. परदेशी नागरिक उतरला की हॉटेलला चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. छोटी गेस्ट हाउसं ती यातायात नको म्हणून परदेशी पारपत्रावर खोलीच देत नाहीत. आजीआजोबांना खोली आणि नातवाला नाही, असं होऊ शकतं.

उत्तर देणारा माणूस किती नीट बोलतो, यावरून मी अर्धा निर्णय घेतो. घाईने "या ना, सगळं आहे" म्हणणाऱ्यापेक्षा "खिडकी आहे पण मागच्या भिंतीकडे उघडते" असं सांगणारा माणूस मला विश्वासाचा वाटतो.

लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचताना अगदी वाईट आणि अगदी गोड दोन्ही सोडून मधले वाचा, आणि गेल्या सहा महिन्यांतलेच. ढेकूण, ओल, पाणी आणि आवाज या चार शब्दांवर लक्ष ठेवा.

सातवी पायरी: पैसे

करात एक पायरी आहे ती माहीत असू द्या. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के जीएसटी, त्यावरच्या खोलीला १८ टक्के. म्हणजे ७,४०० ची खोली करासह ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. खोलीच्या दरात दोनशेचा फरक, बिलात जवळजवळ बाराशेचा. दर या उंबरठ्याजवळ असेल तर थोडं खाली आणायला हॉटेलवाल्याशी मोकळेपणाने बोला.

ॲपवरचा दर बघून झाला की हॉटेलला थेट फोन करा. दोन-तीन रात्री राहणार, चार खोल्या घेणार असं सांगितलं तर काही तरी उतरतं. मात्र फोन नंबर हॉटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. शोधात वरवर दिसणारे नंबर कधीकधी भामट्यांनी घुसवलेले असतात. ते गोड बोलून यूपीआयवर पूर्ण रक्कम मागतात आणि मग फोन बंद. अनोळखी जागेला सगळे पैसे आगाऊ देऊ नका, एका रात्रीचे द्या किंवा तिथं गेल्यावर द्या. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करा. पहिल्या तास-दोन तासांत कळवलं तर रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त असते.

टर्मिनसबाहेर किंवा गेटवेपाशी "रूम चाहिए क्या" म्हणत मागे लागणाऱ्यांबरोबर जाऊ नका. त्यांचं कमिशन तुमच्याच बिलात येतं.

आठवी पायरी: खोलीत गेल्यावर, सामान उघडण्याआधी

नळ सोडा. गादीची कड उचलून शिवणीत बघा, ढेकणांच्या काळ्या ठिपक्यांवरून कळतं. दाराची आतली कडी लागते का पाहा. खिडकी उघडून ऐका. यातलं काही खटकलं तर तेव्हाच खोली बदलून मागा. बॅगा रिकाम्या केल्यावर कुणी बदलून देत नाही आणि आपल्यालाही बदलावंसं वाटत नाही.

मग कपडे न बदलता एकदा संग्रहालयापर्यंत चालून या. रस्ता कुठं ओलांडायचा, चहा कुठं मिळतो, किती मिनिटं लागली, हे सगळं पायांना कळू द्या. वाटेत काळा घोडा चौकात बिनस्वाराचा घोडा दिसेल. मूळ पुतळा सातव्या एडवर्डचा होता. तो १९६५ साली हलवला, आता राणीच्या बागेत आहे, आणि हा नवा घोडा २०१७ चा. जवळच एस्प्लनेड मॅन्शनची लोखंडी सांगाड्याची इमारत आहे. ते एकेकाळचं वॉटसन्स हॉटेल. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती तिथं. आज तिची अवस्था बघून पोटात तुटतं. मुलांना मी तिच्यासमोर नेहमी थांबवतो.

दुसऱ्या दिवशी सव्वादहाला आत जा. खालचं शिल्पदालन आणि वरची लघुचित्रं करा, एकच्या सुमाराला बाहेर या. तिकीट काढतानाच खिडकीवर विचारून ठेवा की त्याच तिकिटावर दुपारनंतर परत आत सोडतात का. त्यावरून दुसरं सत्र त्याच दिवशी ठेवायचं की उद्यावर, ते ठरवा. जेवा, खोलीवर जा, पंखा लावून तासभर आडवे व्हा. वही उशाशी असू द्या. सकाळी पाहिलेल्यातलं जे डोळे मिटल्यावर दिसतं ते आठवणीतून काढा. माझ्या एका विद्यार्थ्याने अशीच, कुलाब्याच्या खोलीत पलंगावर पालथं पडून, संग्रहालयातल्या, घारापुरीहून आलेल्या एका शिल्पाच्या खांद्याची रेघ वहीत वीस वेळा काढली होती. चारला परत गेल्यावर तो सरळ त्या मूर्तीसमोर जाऊन उभा राहिला, आणि वही न उघडता पंधरा मिनिटं नुसता बघत होता.

निघायच्या दिवशी बाराला खोली सोडावी लागते आणि आपली गाडी रात्रीची असते. सामान काउंटरवर ठेवा, पावती किंवा बिल्ला मागून घ्या. संध्याकाळी सहापर्यंत संग्रहालयात राहा, मग काउंटरवरच्या बॅगा घेऊन टॅक्सीने टर्मिनस गाठा. कचेऱ्या सुटण्याची वेळ असते, पायी वीस-पंचवीस मिनिटांच्या रस्त्याला टॅक्सीलाही तेवढाच वेळ लागू शकतो. गाडीच्या आधी दीड तास हाताशी ठेवा. टर्मिनससमोर खाऊन घ्यायलाही तो पुरतो.